नळीची बाहेरची बाजू

सिद्रामचा पाय चिरडला तेव्हा सकाळचे सव्वादहा झाले होते आणि त्याची थोरली बहीण सारिका ऐवळे कुपवाडच्या कारखान्यात नळ्या वाकवणाऱ्या बेंडिंग मशीनपुढे उभी होती. फोन हमालांच्या टोळीतल्या मारुतीचा होता.

"आक्का, सरकारी दवाखान्यात ये. सिद्रामच्या पायावर सांगाडा चढला."

सांगाडा म्हणजे काय हे सारिकाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिच्याच हाताखालून तो बाहेर पडत होता. कंपनीनं त्याला 'पाठीराखा' असं नाव दिलं होतं, पण हळदीच्या गोदामांत सगळे त्याला सांगाडाच म्हणायचे. पोलादी नळ्यांचा माणसाएवढा ढाचा. माणसानं आत उभं राहायचं, छातीचे आणि मांड्यांचे पट्टे आवळायचे, की पुढं तो दोन क्विंटलचं ओझं हार उचलावा तसं उचलायचा. वेगळे पंप नाहीत, वेगळ्या तेलवाहिन्या नाहीत. ज्या नळ्यांवर ओझं पेलायचं त्यांच्याच पोकळीतून चौरस सेंटिमीटरला तीनशे किलोच्या दाबानं तेल धावायचं. हाड तेच आणि शीरही तीच. म्हणून तो इतका सडपातळ, इतका चपळ होता. एक सांगाडा सहा हमालांचं काम करायचा. गोदाम कंपनीनं असे नऊ घेतले, चाळीस हमालांना घरी बसायला सांगितलं आणि चाळीस हमाल घरी न बसता फाटकात बसले. आज त्याला बारावा दिवस होता.

दवाखान्यात सिद्राम शुद्धीवर होता. चादरीखाली त्याचा उजवा पाय जिथं असायला हवा तिथं काहीतरी सपाट होतं. चादर त्या जागी लाल आणि पिवळी झाली होती. रक्तात हळदीची भुकटी कालवली गेली होती.

"फाटक मोकळं करा म्हणून नऊच्या नऊ बाहेर सोडले," तो म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "आम्ही आडवं पडलो. वाटलं, माणसावर पाय देत न्हाईत. चार नंबर सरळ आला."

सारिकाचा हात त्याच्या कपाळावर होता. तो तिथंच थांबला. चार नंबर कोण घालायचं हे तिला माहीत होतं.

"दाजी हुते, आक्का," सिद्राम म्हणाला आणि त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं.

*

दयानंद, सारिकाचा नवरा, अठरा वर्षं सिद्रामच्याच टोळीत हमाल होता. चार वर्षांपूर्वी त्याच्या कण्यातल्या दोन चकत्या सरकल्या आणि तो वाकला तो वाकलाच. शेंगदाण्याचं पोतं सोडा, पाण्याची कळशी उचलायची तरी त्याला भिंत धरावी लागायची. मग सांगाडे आले. घालणारी माणसं हवी होती, आणि पाठ कशी आहे हे कुणी विचारत नव्हतं, कारण पाठ सांगाड्याची असायची. पहिल्या दिवशी तो त्यात उभा राहिला आणि चार वर्षांत पहिल्यांदा सरळ झाला. त्या दिवशी त्यानं घरी येऊन लहान मुलासारखं रडून घेतलं होतं.

दुपारी तो घरी आला तेव्हा नेहमीसारखाच वाकलेला होता. सांगाडा गोदामातच उतरवावा लागायचा.

"मला कळलं नाही," तो उंबऱ्यातूनच म्हणाला. "त्यात पायाखाली काय आहे ते कळत नाही, सारिका. दगड असो, पोतं असो, सारखंच."

"तो ओरडला नाही?"

दयानंदनं चपला काढायला भिंत धरली.

"मी विचारते, माझा भाऊ ओरडला की नाही?"

"ओरडला," तो म्हणाला. "पण तोवर वजन पडलं होतं. मागून मुकादम हाका मारत होता, चला, चला. पुढून दगड येत होते. एक इथं बसला." त्यानं कानशील दाखवलं. तिथं अंड्याएवढी गाठ आली होती. "मी पाय टाकला. एवढंच केलं."

सारिकाच्या हातात पितळी तांब्या होता. तो तिनं त्याच्या तोंडावर मारला. ओठ फाटला, रक्त हनुवटीवरून सदऱ्यावर आलं. दयानंद भिंतीला टेकून खाली बसला. त्यानं हात वर केला नाही.

"उद्यापासून जाऊ नका," ती म्हणाली.

"आणि काय करू? असाच रांगू?" रक्त पुसायचंही त्यानं टाळलं. "त्यात असतो तेव्हाच मी माणूस असतो. तुला हे कळायला हवं. तूच त्याची हाडं वाकवतेस."

*

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सिद्रामचा पाय गुडघ्याखाली कापला. सारिका व्हरांड्यात बसली होती. दुपारी बाराच्या सुमारास बिरूतात्या आणि मारुती आले. बिरूतात्या टोळीतले सगळ्यांत वयस्क हमाल, साठीला टेकलेले, सिद्राम नसताना टोळी त्यांच्या शब्दावर चालायची. मारुती तिशीतला, अंगानं रेड्यासारखा, आणि दोन आठवडे झोप न मिळाल्यासारखे डोळे.

"परवा परत सोडणार हायेत," बिरूतात्या तिच्याशेजारी टेकत म्हणाले. "हळदीच्या गाड्या रस्त्याला लागल्यात. पोरी, तू ते बनवतीस. कुठं मारलं तर ते बसतंय, एवढं सांग."

"तात्या, माझा नवरा असतो त्यात."

"ठावं हाय. म्हणूनच सांगाड्याचं विचारतोय, माणसाचं न्हाई. तू न्हाई सांगितलंस तर पोरं आकडे घेऊन तोंडावर जातील. तोंड तेवढं उघडं असतंय."

हमालाचा आकडा म्हणजे पोत्यात खुपसायचा वाकडा, टोकदार लोखंडी गज. तो डोळ्यात गेला तर काय होईल हे सारिकाला दिसलं. आतल्या खोलीत सिद्राम कण्हत होता. तिनं पिशवीतून नळीचा एक तुकडा काढला. कारखान्यात प्रत्येक खेपेतली एक वाकवलेली नळी उभी चिरून तपासायचे, त्यातलाच तो अर्धा तुकडा होता. तो पिशवीत घालताना आपण तो कशासाठी घेतोय हे तिनं स्वतःला विचारलं नव्हतं.

"हे बघा. सरळ नळीची भिंत सगळीकडं दोन मिलिमीटर. वाकवली की बाहेरच्या बाजूला लांब जायला लागतं, म्हणून ती ताणते आणि पातळ होते. आतल्या बाजूचं पोलाद दाबलं जातं, जाड होतं. बोट फिरवा."

बिरूतात्यांनी चिरलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. आत जाड, बाहेर पातळ. त्यांच्या घट्टे पडलेल्या अंगठ्यालाही ते कळलं.

"जितकं आखूड वळण, तितकी भिंत पातळ. पूर्वी एवढ्या आखूड वळणाला नळी फाटायची. आता वाकवताना तिच्यातून विजेचे ठोके सोडतात, पोलाद तेवढ्यापुरतं मऊ होतं, फाटत नाही. पण पातळ व्हायचं ते होतंच. इथं दीड मिलिमीटर उरलंय."

"मग तीनशे किलोला ते टिकतंय कसं?" मारुतीनं विचारलं.

"हिशेब बरोबर आहे. वळणावर बाहेरच्या अंगाला दाबाचा ताण जरा कमी येतो, आणि ताणलेलं पोलाद आधीपेक्षा कडक होतं. पोती उचलायला वीस वर्षं टिकेल. पण कडक झालं म्हणजे त्यानं आपलं सोसणं आधीच खर्च केलेलं असतं. सरळ नळीवर घाव घातला तर पोचा येतो. इथं छिन्नीचा एक खोल ओरखडा पडला, की तिथून चीर धावते. हे हाड पोत्यांसाठी बनवलंय, मारामारीसाठी नाही."

"कुठलं वळण?"

"खुब्याचं. बाहेरून दिसतं. तो ओझं घेऊन उठत असतो तेव्हा मारा. तेव्हा दाब पुरा असतो."

"आन मग?"

"तेल जातं. सांगाडा बसतो. आतला माणूस नुसता अडकून पडतो."

"बास," बिरूतात्या म्हणाले. "तेवढंच पायजे."

"चार नंबरला हात लावायचा नाही. शब्द द्या."

बिरूतात्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मारुतीनं मान हलवली.

एक गोष्ट सारिकानं सांगितली नाही. नळी फुटते ती बाहेरच्या अंगाला, आणि आतलं तेल त्याच दिशेनं सुटतं, घाव घालणाऱ्याकडं. केसाएवढी चीर असली तर केसाएवढी धार, पण ती कातडं, मांस, शीर, काहीही भेदून जाते. कारखान्यात नळ्यांची चाचणी घेताना बाहेरच्या बाजूला जाड पोलादी पत्रा लावत. हे सगळं तिच्या जिभेवर आलं होतं. पण हे ऐकून पोरं नळीला भिऊन तोंडांवर आकडे घेऊन गेली तर, या विचारापाशी ती अडली. आणि तिनं चिरलेला तुकडा परत पिशवीत टाकला.

*

ठरल्या दिवशी सकाळी दयानंद नेहमीच्या वेळी निघाला. फाटलेला ओठ सुजून काळा पडला होता. सारिका दारात आडवी उभी राहिली.

"आज नको."

"का? काय आहे आज?"

सांगितलं तर तो बाकीच्या आठ जणांना सांगणार. नाही सांगितलं तर तो जाणार. ती दारातून बाजूला झाली, आणि दहा मिनिटांनी त्याच्या मागोमाग निघाली.

गोदामाच्या फाटकात हमालांनी धर्मकाट्याचा, ट्रक तोलायच्या वजनकाट्याचा, जुना लोखंडी तक्ता आडवा टाकला होता. पंधरा माणसांनी ढकलत आणलेला. त्यामागं पस्तीस-चाळीस माणसं, हातात आकडे, छिन्न्या, हातोडे. पोलिसांची गाडी नाक्यावर उभी होती, खाली कुणी उतरलं नव्हतं. आतून सांगाडे आले. पावलागणिक जमीन हादरत होती. छातीवर पांढऱ्या रंगात नंबर. चार नंबर तिसऱ्या जागी होता.

पहिला दगड कुणी टाकला ते कळलं नाही. मग सगळेच टाकू लागले. पहिल्या सांगाड्यानं हात आडवा फिरवला आणि एका हमालाचा जबडा निखळून लोंबला. त्याला मागं ओढत असतानाच दोन नंबर पुढं झाला आणि तक्ता उचलायला खाली वाकला. आत महेश होता, त्यांच्याच गल्लीतला, लग्नाला वर्ष न झालेला.

"म्हाताऱ्याचा हात पैला," असं म्हणून बिरूतात्या धावले.

तक्ता जमिनीवरून सुटला, सांगाड्याचे गुडघे सरळ होऊ लागले. बिरूतात्यांनी खुब्याच्या वळणाला छिन्नी टेकवली आणि हातोडा घातला. पहिला घाव घसरला. दुसरा रुतला.

किंकाळीसारखा एक पातळ आवाज झाला. बिरूतात्या छिन्नी हातात धरून तसेच उभे राहिले. गळ्याला डास चावल्याएवढा एक ठिपका होता. त्यांनी तिथं हात नेला, जणू घाम पुसायचा होता. मग मानेच्या मागून रक्ताचा लोट बाहेर आला, तेलात मिसळलेला, काळसर. ते आधी गुडघ्यांवर आले आणि मग तोंडावर पडले.

दोन नंबरचा सांगाडा तक्त्यासकट खाली बसला.

"गोळी घातली," कुणीतरी ओरडलं. "तात्याला गोळी घातली."

त्यानंतर कुणी कुणाचं ऐकलं नाही. महेश आत पट्ट्यांत जखडलेला, हात उचलायचे तर मेलेला सांगाडा उचलायचा होता. तो "नको, नको" म्हणत होता. तिघांनी त्याच्यावर आकडे चालवले. पहिला गालातून गेला. चौथ्या घावानंतर त्याचा आवाज थांबला, पण आकडे थांबले नाहीत. पलीकडं सात नंबरची नळी फुटली आणि छिन्नी धरणाऱ्याच्या हाताची तीन बोटं गेली. तो बोटं शोधत जमिनीवर बसला आणि कुणाच्या तरी लोखंडी पावलाखाली आला.

सारिका फाटकाच्या खांबाला चिकटून हे पाहत होती. बिरूतात्यांचे डोळे उघडे होते. तिनं आपलं तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं.

दयानंद पळाला नाही. तो महेशवर आडवा उभा राहिला आणि जो जवळ येईल त्याला हाणू लागला. एकाच्या बरगड्या मोडल्याचा आवाज तिनं ऐकला. दुसरा हवेतून जाऊन भिंतीवर आपटला आणि उठला नाही. दयानंदचा चेहरा तिनं कधी पाहिला नव्हता असा होता. तो सरळ ताठ उभा होता आणि मारत होता.

मारुती त्याच्या बाजूनं वळसा घालून येत होता. डाव्या हातात छिन्नी, उजव्या हातात आकडा.

"मारुती, चार नंबर आहे तो," सारिका ओरडली.

"नंबर गेला खड्ड्यात," तो तिच्याकडं न बघता म्हणाला.

मारुतीची छिन्नी बसली तर तेलाच्या धारेनं तोच मरणार. ती चुकली तर दयानंद त्याला मारणार. आणि सांगाडा बसला तर दयानंदचा महेश होणार. ती धावली. सांगाड्याच्या कमरेमागं एका झाकणाखाली दाब सोडायची लाल मूठ असते, दुरुस्तीसाठी ठेवलेली. आतल्या माणसाचा हात तिथं पोचत नाही. ती नळ्यांना धरून वर चढली. सांगाडा गरकन फिरला, तिचं डोकं एका वळणावर आदळलं, कपाळ फुटून डोळ्यांत रक्त उतरलं. बोटांनी झाकण सापडलं. मूठ सापडली.

"कोण हाय मागं?" दयानंद ओरडला.

"मी," ती म्हणाली आणि मूठ ओढली.

दाबाखालचं तेल टाकीत परतलं. सांगाडा बसकण मारणाऱ्या बैलासारखा आधी पुढून, मग मागून खाली आला. पण आतली पाठ त्याच्याबरोबर दुमडायला तयार नव्हती. दयानंद एकदाच ओरडला. इतकी वर्षं त्याच्या कण्हण्याची सवय असलेल्या सारिकाला तो आवाज त्याचा वाटला नाही.

ती त्याच्यावर पालथी पडली, त्याचं उघडं तोंड आपल्या छातीखाली घेऊन. मारुतीचा आकडा आधीच सुटला होता. तो तिच्या खांद्यात शिरला आणि हाडाला लागून थांबला.

"आक्का, बाजूला हो," मारुती हुंदके देत म्हणाला. "तात्याला मारलं ह्यांनी. बाजूला हो."

"नाही होणार."

त्यानं आकडा उपसला, पुन्हा उगारला. ती हलली नाही. त्याचा हात तसाच वर राहिला. तेवढ्यात नाक्यावरची माणसं एकदाची गाडीतून उतरली आणि काठ्या सुरू झाल्या.

*

बिरूतात्या, महेश, बोटं गेलेला हमाल आणि भिंतीवर आपटलेला, असे चौघे मेले. दयानंद जगला. त्याचे पाय कमरेपासून गेले. मारुतीसकट अकरा जण तुरुंगात गेले. छिन्न्या सापडल्या, ओरखडे सापडले, तात्यांना गोळी नव्हे, तेलाची धार लागली हेही निघालं. वळणावरच घाव कसे बसले, हे चौकशीत कुणी तरी विचारलंच असणार, पण सारिकाचं नाव कुणी घेतलं नाही. अकरांपैकी एकानंही नाही.

सव्वा महिन्यानं कारखान्यातून चौगुल्यांचा फोन आला. चौगुले तिचे पर्यवेक्षक, सज्जन माणूस, दवाखान्यात दोनदा येऊन गेलेला.

"खांदा कसा आहे? नवीन नमुना आलाय. नळी तीन मिलिमीटर, वळण जरा मोठं, बाहेरच्या अंगाला पट्टी. आता ते फोडता येणार नाही कुणाला."

"पोत्यांसाठी एवढं कशाला लागतंय?"

चौगुल्यांनी आवाज खाली आणला. "हे गोदामांसाठी नाहीत. पहारेकऱ्यांसाठी आहेत. तीनशे नगांची मागणी आहे. तुझ्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही, सारिका."

"मी येणार नाही," ती म्हणाली.

"विचार कर."

"दुसरं कुणी तरी वाकवेलच. मी नाही."

फोन ठेवून तिनं दयानंदला कुशीवर वळवलं. तो तिच्याशी बोलत नव्हता. दवाखान्यातून आल्यापासून तो फक्त छताकडं बघायचा. तिनं त्याची पाठ पुसली, पांघरूण सारखं केलं आणि चपला घातल्या.

बिरूतात्यांचं घर हमालवाडीच्या टोकाला होतं. त्यांची बायको हौसाबाई दारात बसून लसूण सोलत होती. तिनं सारिकाला बसायला पोतं सरकवलं. खांद्याची पट्टी पाहिली, दयानंदचं विचारलं. सारिका पोत्यावर बसली नाही.

"मावशी, कुठं मारायचं ते मी सांगितलं होतं. तात्यांना आणि मारुतीला."

"ठावं हाय. ह्यांनी सांगितलं हुतं मला आदल्या दिशी. म्हणाले, पोरीनं इस्वासानं सांगितलं." हौसाबाईनं एक पाकळी सोलली. "तवा तुझं नाव घ्यायचं न्हाई असं मीच पोरांना सांगून ठिवलंय."

इथंच थांबावं, असं सारिकाला वाटलं. ती थांबली नाही.

"तेलाची धार बाहेर येईल, घाव घालणाऱ्यावरच येईल, हे मला माहीत होतं. मी सांगितलं नाही."

हौसाबाईचे हात थांबले. गल्लीत कुणाचा तरी पंप चालू होता, त्याचा आवाज येत राहिला.

"का गं?"

"पोरं भ्याली तर आकडे घेऊन तोंडांवर जातील, म्हणून. आत माझा नवरा होता."

हौसाबाईनं शिवी दिली नाही, हात उगारला नाही. मग तिनं विचारलं, "सांगितलं असतंस तर काय केलं असतं त्यांनी? मारलं नसतं?"

"मारलं असतं. बाजूला उभं राहून."

"किती बाजूला?"

"हातभर."

हौसाबाईनं लसणाचं ताट खाली ठेवलं. आपला उजवा हात समोर ताणला, कोपरापासून बोटांपर्यंत नीट पाहिला. सुरकुतलेला, बांगड्या उतरवलेला हात.

"एवढाच?" तिनं विचारलं.

"एवढाच," सारिका म्हणाली.